भुरीची शाळा

बालमित्रांनो, हजेरीपटावर नाव नाही, पण रोज न चुकता शाळेत येतो, असा विद्यार्थी तुम्ही कधी पाहिला आहे का? आमच्या शाळेत होता. म्हणजे होती! प्रार्थना सुरू झाली की ती फाटकाजवळ येऊन बसायची. खिचडीचा वास सुटला की सगळ्यांच्या आधी हजर. उन्हाळ्यात हापशीजवळच्या ओल्या मातीत पाय पसरून खुशाल झोपायची. रंग मातकट, पोटाखाली पांढरा. एक कान उभा, तर दुसरा कायमचा वाकलेला. मुलांनी तिचं नाव ठेवलं होतं भुरी.

मी नालवाडीत राहते. वर्ध्याहून नागपूरकडे निघालं की शहराला अगदी लागूनच आमचं गाव. १९३०च्या दशकात विनोबाजी राहायला आले होते, तीच ही नालवाडी. इथून जवळच्याच एका प्राथमिक शाळेत मी शिकवते. भुरीची गोष्ट त्या शाळेत सुरू झाली आणि पुढे माझ्या अंगणात घडली. त्या गोष्टीत विद्यार्थी कोण आणि शिक्षक कोण, हे तुम्हीच शेवटी ठरवा.

एक ओरखडा

२०२५ सालची दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली होती. मधल्या सुट्टीत दुसरीतला एक मुलगा खिचडीचं ताट घेऊन व्हरांड्यातून चालला होता. भुरीनं ताटाकडे उडी मारली. ताट पडलं, मुलगा पडला आणि भुरीचं नख त्याच्या हाताला लागलं. लांबच लांब ओरखडा! थोडं रक्तही आलं.

मी त्याचा हात नळाखाली धरला. साबण लावून, घड्याळ बघून पंधरा मिनिटं धुतला. मग त्याच्या आईला बोलावून आम्ही दोघी त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी रेबीजची लस सुरू केली. नुसत्या ओरखड्यानं रक्त आलं तरी लस घ्यावी लागते, हे त्या माउलीला माहीत नव्हतं. ती फार घाबरली होती.

दुसऱ्या दिवशी पालक शाळेत आले. एक आजोबा म्हणाले, "मॅडम, त्या कुत्रीले हाकलून द्या. आज वरबाडलं, उद्या चावंन."

त्यांचं चूक नव्हतं. लेकराच्या जिवाचा प्रश्न होता.

पण चौथीतली मुलं दाराशी उभी राहून ऐकत होती. त्यातली एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, भुरी चावत नाही. थे उपाशी राह्यते म्हणून उडी मारते."

तिचंही चूक नव्हतं!

नेमकी त्याच दिवसांत वर्तमानपत्रांत एक मोठी बातमी होती. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला होता, की शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं अशा ठिकाणांहून भटकी कुत्री हलवावीत, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना निवाऱ्यात ठेवावं आणि पुन्हा त्याच जागी सोडू नये. म्हणजे भुरीला शाळा सोडावी लागणार, हे तर ठरलंच होतं. प्रश्न एवढाच होता, की जायचं कुठे?

रविवारचे मास्तर

आमच्या गल्लीत कॉलेजात शिकणारा एक मुलगा आहे. सगळी पोरं त्याला दादा म्हणतात. बाकीची मुलं रविवारी क्रिकेट खेळायला जातात, हा सायकल काढून कुत्र्यांना शिकवायला जातो. जखमी, आजारी, बेवारस जनावरांना जिथे ठेवतात त्या निवाऱ्यांमध्ये असे स्वयंसेवक लागतात. पगार नाही, बक्षीस नाही. कपड्यांना केस चिकटतात ते वेगळेच!

मी त्याला विचारलं, "काय रे, भुरीला निवाऱ्यात ठेवता येईल का?"

तो म्हणाला, "मॅडम, निवारे भरलेले असतात. तिथं ती जगेल, पण पिंजऱ्यात. तिला घर मिळालं तर खरं. आणि घर कुणाला मिळते, ठाऊक आहे? दिसायला छान असते त्याला नाही. ज्याला चार गोष्टी समजतात त्याला."

त्यानं सांगितलेलं ऐकून मला आश्चर्य वाटलं. लोक हौसेनं कुत्रं घरी नेतात. चार दिवसांनी ते अंगावर उड्या मारतं, चपला फाडतं, साखळी ओढतं. मग लोक म्हणतात, 'आम्हाला नाही जमत', आणि आणून सोडतात. कुत्रं वाईट नसतं. माणसाच्या घरात कसं वागायचं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. म्हणून स्वयंसेवक त्याला ते आधीच शिकवतात. त्यांनी शिकवलेला एक एक धडा म्हणजे त्या कुत्र्यासाठी घराच्या दाराची एक एक किल्ली असते.

असं काम पाहायचं असेल तर फार दूर जायला नको. आपल्या वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) इथे 'करुणाश्रम' आहे. पीपल फॉर अ‍ॅनिमल्सच्या वर्धा शाखेचे कार्यकर्ते तिथे जखमी आणि निराधार पशुपक्ष्यांची काळजी घेतात. आईबाबांबरोबर जाऊन हे काम एकदा जरूर बघा.

शेवटी ठरलं ते असं. मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायतीला कळवायचं. भुरीची नसबंदी करायची, लस टोचायची. मग सहा आठवडे तिला माझ्या अंगणात ठेवायचं, शिकवायचं आणि चांगलं घर शोधायचं.

घरी मात्र सासूबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "शाळेतले लेकरं कमी पडले का तुले? आता कुत्रंबी शिकवशीन?"

पहिला धडा : काहीच शिकवायचं नाही!

भुरी आली ती कानाला छोटीशी खाच घेऊन. नसबंदी झालेल्या कुत्र्याला ओळखता यावं म्हणून कानाच्या टोकाला अशी खूण करतात. आली आणि थेट तुळशीवृंदावनामागे जाऊन बसली. मी वही-पेन घेऊन तयार! म्हटलं, "हं दादा, पहिल्या दिवशी काय शिकवायचं?"

"काहीच नाही. तुम्ही फक्त जवळ बसा. तिच्याकडे पाहू नका. पेपर वाचा."

तीन दिवस मी पेपर वाचत बसले. शाळेतली सात-आठ मुलंही पालकांची परवानगी घेऊन संध्याकाळी यायची. ती पायरीवर बसून पाढे म्हणायची. हात लावायचा नाही, हाका मारायच्या नाहीत, हा नियम.

या तीन दिवसांत दादानं आम्हाला कुत्र्याची भाषा शिकवली. शेपूट हलली म्हणजे कुत्रं खूश, असं आपण समजतो ना? ते नेहमीच खरं नसतं! शेपूट ताठ, उंच आणि भराभर हलत असेल तर ते कुत्रं अस्वस्थही असू शकतं. झोप नसताना जांभई दिली, उगाच ओठ चाटले, मान दुसरीकडे वळवली, अंग आखडलं, तर ते सांगत असतं, 'मला भीती वाटते, जरा लांब व्हा.' आपण ते ऐकलं नाही तर ते गुरगुरतं. तेही ऐकलं नाही तर चावतं. म्हणजे न सांगता चावणारी कुत्री फार थोडी. आपणच त्यांचं सांगणं ऐकत नाही.

चौथ्या दिवशी भुरी आपणहून उठली, माझ्या पेपराचा वास घेतला आणि पायाशी येऊन बसली. सासूबाई दारातून पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी अर्धी भाकर जास्तीची झाली होती.

दुसरा धडा : 'शाब्बास'चं गणित

रशियातले शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांचं नाव मोठ्या मुलांनी ऐकलं असेल. पचनक्रियेच्या संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. हे संशोधन करताना त्यांच्या लक्षात आलं, की अन्न समोर येण्याआधीच, नुसती त्याची चाहूल लागली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. एखादा आवाज आणि लगेच खाऊ, असं पुन्हा पुन्हा घडलं की तो आवाजच कुत्र्याला खाऊसारखा वाटू लागतो.

आम्ही तेच केलं. 'शाब्बास' म्हणायचं आणि लगेच उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा द्यायचा. शाब्बास, तुकडा. शाब्बास, तुकडा. दोन दिवसांत 'शाब्बास' म्हणताच भुरीचा वाकलेला कानसुद्धा टवकारायला लागला!

आता खरी गंमत. भुरीनं काही चांगलं केलं, की त्याच क्षणाला 'शाब्बास' म्हणायचं. दोन-तीन सेकंदांचा उशीर झाला तर सगळा घोटाळा. समजा, भुरी बसली आणि तुम्ही ती उठल्यावर शाब्बास म्हणालात. ती काय शिकेल? उठायला!

मग 'बस' शिकवलं. तुकडा तिच्या नाकासमोर धरायचा आणि हळूहळू डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर जातं, तसा मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकला रे टेकला, की शाब्बास! तिला दाबायचं नाही, ओढायचं नाही. असं चार-पाच वेळा. मग सुट्टी. एका वेळी पाचच मिनिटं, दिवसातून तीनदा.

पण दोन दिवस झाले तरी भुरी कधी बसायची, कधी नुसती पाहत राहायची. असं का? चौथीतल्या त्याच मुलीनं ते शोधून काढलं. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही 'बस' म्हणता. आजी 'बैस वं' म्हणते. आमचा बंटी 'सिट डाउन' म्हणते. तिनं कोणाचं ऐकाव?" अगदी बरोबर! मग आम्ही सगळ्यांनी मिळून फळ्यावर लिहिलं, एका कामाला एकच शब्द. सासूबाईसुद्धा 'बस' म्हणायला लागल्या.

तिसरा धडा : झाड व्हा

सगळ्यात कठीण होती ती उडी. तिनंच तर सगळं रामायण घडलं होतं. आपण काय करतो? कुत्र्यानं उडी मारली की ओरडतो, हात झटकतो, ढकलतो. कुत्र्याला वाटतं, वा, काय छान खेळ आहे! आणि ते आणखी उड्या मारतं.

दादा म्हणाला, "झाड व्हा." म्हणजे हात छातीशी घ्यायचे, पाठ फिरवायची आणि अगदी स्तब्ध उभं राहायचं. बोलायचं नाही, बघायचं नाही. झाडावर उडी मारून काय मिळणार? तिचे चारही पाय जमिनीला टेकले की लगेच वळायचं आणि शाब्बास! आधी मी, मग दादा आणि भुरी पुरेशी शांत झाल्यावर दोरी दादाच्या हातात ठेवून एक एक मूल.

दहाव्या दिवशी खरी परीक्षा घेतली. मी ताटात गरम खिचडी घेऊन अंगणातून चालले. भुरी धावत आली. थांबली. माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि झटकन खाली बसली. कुणी 'बस' म्हटलंही नव्हतं! मुलांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या, की शेजारचे लोक बाहेर आले.

माझी चूक

आता एक गोष्ट सांगते. ती सांगायला मला बरं वाटत नाही, पण सांगायला हवी.

तिसऱ्या आठवड्यात एके संध्याकाळी मी शाळेतून दमून आले. बघते तर दोरीवरची माझी धुतलेली साडी अंगणात, आणि भुरी तिच्यावर ऐटीत बसलेली. पदराला मोठं भोक! मी जोरात ओरडले आणि हातात आला तो खराटा उगारला. मारलं नाही. फक्त उगारला.

भुरी किंचाळली. मारल्यावर किंचाळतात ना, तशी. आणि तुळशीवृंदावनामागे जाऊन थरथरायला लागली. कुणीतरी कधीतरी तिला काठीनं फार मारलं असणार. त्या रात्री ती जेवली नाही. चार दिवस ती माझ्याजवळ आली नाही. तीन आठवड्यांची मेहनत एका मिनिटात वाया गेली होती. मला पुन्हा पेपर घेऊन पायरीवर बसावं लागलं.

साडी फाडण्याचा आणि माझ्या ओरडण्याचा संबंध तिला कळलाच नव्हता. ती फाडून झाली होती, तिच्यावर निवांत बसली होती, तेव्हा मी आले. तिला एवढंच कळलं, की या बाईंची भीती बाळगायला हवी.

मुलं हे सगळं पाहत होती. पाचव्या दिवशी भुरीनं माझ्या हातून तुकडा घेतला, तेव्हा तोच दुसरीतला मुलगा, ज्याच्या हाताला ओरखडा आला होता, मला म्हणाला, "मॅडम, भुरी चुकली तर तुम्ही आता रागावत नाही. आमाले काहून रागावता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी एक कागद टेबलावर ठेवला. 'नको', 'गप्प', 'चूक' असं म्हटलं की एक रेघ. 'शाब्बास' म्हटलं की दुसरीकडे एक रेघ. दिवस संपल्यावर मी कागद पाहिला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. किती रेघा होत्या, ते विचारू नका! त्या कागदानंतर माझा वर्ग थोडा बदलला आहे, एवढंच सांगते.

भुरीची शिकलेली भावंडं

एका रविवारी मुलांनी विचारलं, "मॅडम, कुत्रे आणखी काय काय शिकतात?" मग मी माहिती गोळा केली. तीच तुम्हालाही सांगते.

आपल्या महाराष्ट्राचा 'जंजीर' तुमच्या आईबाबांना आठवत असेल. सोनेरी रंगाचा हा लॅब्रेडॉर पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकला आणि मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात दाखल झाला. मार्च १९९३ मध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या काळात त्यानं वास घेऊन ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिलं. किती माणसांचे प्राण वाचले असतील! १६ नोव्हेंबर २००० रोजी तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला. आपल्या देशाच्या आपत्ती प्रतिसाद दलाच्या 'ज्युली' आणि 'रोमिओ' या कुत्र्यांनी ढिगाऱ्याखाली जिवंत असलेल्या सहा वर्षांच्या मुलीचा माग काढला. जवानांनी तिला सुखरूप बाहेर काढलं.

"पण मॅडम, हे तर भारी जातीचे कुत्रे," एक जण म्हणाला. "आपली भुरी तर गावठी हाय."

म्हणून 'ठेंगा'ची गोष्ट ऐका. ठेंगा म्हणजे रस्त्यावरचं गावठी पिल्लू. उत्तराखंड पोलिसांनी त्याला वास घेऊन शोध करायला शिकवलं आणि २०१९ साली तो त्यांच्या श्वानपथकात चमकला. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९७७ साली एक संस्था निघाली. ती निवाऱ्यांतली बेवारस कुत्री निवडून त्यांना बहिऱ्या माणसांचे कान व्हायला शिकवू लागली. दारावरची घंटा वाजली, बाळ रडलं, की कुत्रं येऊन मालकाला स्पर्श करतं आणि आवाजाकडे घेऊन जातं.

अंध माणसांच्या वाटाड्या कुत्र्यांची गोष्ट तर फारच सुंदर आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीतल्या अनेक सैनिकांची दृष्टी गेली. त्यांच्यासाठी १९१६ साली ओल्डेनबर्ग गावी वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. पुढे १९२८ साली मॉरिस फ्रँक नावाचा अमेरिकन अंध तरुण स्वित्झर्लंडला गेला आणि 'बडी' नावाची कुत्री घेऊन परतला. पत्रकारांच्या समोर त्यानं न्यूयॉर्कचा गाड्यांनी भरलेला रस्ता बडीच्या भरवशावर ओलांडला. १९२९ साली त्यानं आणि बडीला शिकवून घेणाऱ्या डोरोथी युस्टिस यांनी मिळून अमेरिकेत 'द सीइंग आय' ही संस्था सुरू केली.

या वाटाड्या कुत्र्यांना शेवटी एक विलक्षण धडा शिकवतात. तो म्हणजे आज्ञा मोडण्याचा! मालक म्हणाला 'पुढे चल' आणि समोरून गाडी येत असेल, तर कुत्र्यानं जागचं हलायचं नाही. नुसतं सांगितलेलं ऐकणं म्हणजे शहाणपण नव्हे. का ऐकायचं, कधी नाही ऐकायचं, हे कळणं म्हणजे शहाणपण.

आपल्या मुंबई-पुण्याकडे 'अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन' ही संस्था प्रशिक्षित कुत्र्यांना विशेष मुलांकडे आणि रुग्णांकडे घेऊन जाते. माणसांशी बोलायला घाबरणारं मूल कुत्र्याशी मात्र बोलू लागतं. कुत्रं त्याच्या चुका काढत नाही ना!

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. 'द सीइंग आय'ची पिल्लं लहानपणी कुठे वाढतात, माहीत आहे? स्वयंसेवक कुटुंबांच्या घरी. १९४०च्या दशकापासून कितीतरी शाळकरी मुलांनी अशी पिल्लं वाढवली आहेत. पिल्लू दोन महिन्यांचं असताना घरी येतं. ती मुलं त्याला खाऊ घालतात, फिरवतात, बस-ऊठ शिकवतात, बाजारातल्या गर्दीची सवय लावतात. आणि ते वर्षा-सव्वा वर्षाचं झालं, की संस्थेला परत देऊन टाकतात! कुणा अनोळखी अंध माणसासाठी.

हे ऐकून मुलं गप्प झाली. कारण भुरीचा पाचवा आठवडा सुरू होता.

निरोपाचा दिवस

सेलूच्या बाजूला शेतावर राहणारं एक कुटुंब भुरीला न्यायला तयार झालं. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि एक चिमुरडी. ते तीन वेळा आमच्या अंगणात आले. दादानं त्यांनाही 'बस', 'शाब्बास' आणि 'झाड' शिकवलं. कुत्रं एकट्यानं शिकून चालत नाही, घरालाही शिकावं लागतं. लसीचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. पुढच्या लसीची तारीख आजोबांनी कॅलेंडरवर लिहून ठेवायचं कबूल केलं.

भुरी निघाली त्या दिवशी सगळी मुलं आली होती. चौथीतली मुलगी रडत होती. म्हणाली, "मॅडम, आपणच शिकवली नं तिले? मग आपणच ठेवू."

मलाही तेच वाटत होतं, बालमित्रांनो. सासूबाई तर सकाळपासून स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नव्हत्या. पण मी दिवसभर शाळेत, घर लहान, आणि भुरीला हवी होती दिवसभर सोबत आणि मोकळी जागा. मी तिला म्हटलं, "बेटा, चौथी पास झालीस की तूही आमची शाळा सोडून जाशील. मी तुला ठेवून घेते का? शिकवायचं असतं ते जाता यावं म्हणूनच."

निघायच्या आधी ओरखडावाला मुलगा पुढे झाला. हातावरची खूण आता पुसट झाली होती. दादानं दोरी धरली होती, त्याची आई शेजारी उभी होती. तो म्हणाला, "भुरी, बस."

भुरी बसली. त्यानं तळहातावर तुकडा धरला. तिनं तो दात न लावता, नुसत्या जिभेनं अलगद उचलला. त्याच्या आईनं डोळ्याला पदर लावला. शाळेत येऊन 'हाकलून द्या' म्हणणारे आजोबाही फाटकापाशी उभे होते. ते एवढंच म्हणाले, "शिकली लेक!"

महिन्यानं आम्ही काहीजण शेतावर गेलो. आम्हाला पाहताच भुरी सुसाट धावत आली. आता उडी मारणार, असं वाटलं. आम्ही सगळे एकदम झाड झालो! ती थांबली, शेपूट हलवत सगळ्यांभोवती एक चक्कर मारली आणि त्या चिमुरडीच्या पायाशी जाऊन बसली. आमच्या नव्हे, तिच्या.

तुम्हाला काय करता येईल?

लहान मुलांनी एकट्यानं भटक्या कुत्र्यांना शिकवायला जाऊ नये. अगदी बिस्कीट द्यायलासुद्धा नाही. पण आईबाबांना घेऊन जवळच्या निवाऱ्यात जाता येतं. तिथल्या ताईदादांना विचारून कुत्र्यांजवळ बसून मोठ्यानं पुस्तक वाचता येतं. माणसाच्या शांत आवाजाची सवय होणं, हा भेदरलेल्या कुत्र्याचा पहिलाच धडा असतो. जुनी पोती, चादरी, भांडी नेऊन देता येतात. घरी कुत्रं असेल तर त्याला रोज पाच मिनिटं शिकवता येतं. कॉलेजात गेलात की दादासारखं रविवारचे मास्तर होता येतं.

आणि पालकांनो, घरी कुत्रं आणायचं असेल तर दुकानातलं महागडं पिल्लू घेण्याआधी एकदा निवाऱ्यात जाऊन या. तिथे एखादी भुरी धडा पाठ करून बसलेली असेल.

चौकट : हे पाठ करा!

• अनोळखी कुत्र्याला हात लावू नका. मालक बरोबर असेल तर आधी मालकाला विचारा. मग कुत्र्याला तुमचा वास घेऊ द्या.

• जेवणाऱ्या, झोपलेल्या, बांधलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याकडे जाऊ नका.

• कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, ओरडू नका. झाड व्हा. हात छातीशी, नजर खाली. खाली पडलात तर अंग गोळा करून, कान आणि मान हातांनी झाकून पडून राहा.

• कुत्रं चावलं, ओरखडलं किंवा जखमेला चाटलं तर घरी लगेच सांगा. मार बसेल म्हणून लपवू नका! जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. सांगितलेल्या तारखांना सगळी इंजेक्शनं घ्या. रेबीज एकदा झाला की बहुतेक माणूस वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो.

• घरच्या कुत्र्याला चॉकलेट, कांदा, द्राक्षं, मनुका देऊ नका. ते त्याला विषासारखं असतं.

तर मित्रांनो, ही झाली भुरीच्या शाळेची गोष्ट. सहा आठवड्यांत ती चार शब्द शिकली. दुसरीतला तो मुलगा कुत्र्याची भीती घालवायला शिकला. चौथीतली मुलगी आवडतं माणूस, म्हणजे आवडतं कुत्रं, हसत निरोप द्यायला शिकली, थोडं रडून का होईना! सासूबाई 'बस' म्हणायला शिकल्या. आणि मी काय शिकले, ते माझ्या पर्समधल्या कागदावर आहे.

सांगा आता, त्या शाळेत शिक्षक कोण होतं?